ताळा



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळानं सांगितलं, "शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, तू तुझ्या कामाचा इतिहास लिही." माझं काम संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचं, आणि गेली वीसेक वर्षं मुख्यतः दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. या कामाचा इतिहास अमेरिकेतून सुरू करण्याची रीत आहे. मी तो आपल्या आठवीच्या वर्गातून सुरू करतो. त्यातली मुख्य गोष्ट मला तिथंच सांगितली गेली होती. मी ती नीट ऐकली नाही, आणि त्याचा भुर्दंड आपल्यातल्याच एकाच्या घराला पडला.

गणिताच्या सरांचा दंडक तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. उत्तराखाली ताळा लिहिलेला नसेल तर सर वही तपासायचेच नाहीत. भागाकार असेल तर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, आणि ते भाज्याइतकं आलंच पाहिजे. गुणाकार असेल तर अंकांच्या बेरजेचा ताळा. समजा ३४७ गुणिले २८. तीनशे सत्तेचाळीसचे अंक मिळवले की १४, पुन्हा मिळवले की ५. अठ्ठावीसचे १०, म्हणजे १. पाच एके पाच. आता उत्तर ९७१६, त्याचे अंक मिळवले की २३, म्हणजे ५. ताळा जुळला.

एकदा घाईत मी उत्तर उतरवताना ९१७६ लिहिलं. ताळा पाहिला, तर २३, म्हणजे ५. जुळला! ऐटीत वही पुढं केली. सरांनी लाल फुली मारली. मी म्हणालो, "सर, ताळा जुळतोय की." सर म्हणाले, "ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं तुला कुणी सांगितलं? अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसतच नाही. आपल्या ताळ्याला काय दिसत नाही, ते आधी शिकून घे." वर्ग हसला, मी खाली बसलो आणि विसरून गेलो.

हा ताळा फार जुना आहे. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' या ग्रंथात अंकांच्या बेरजेनं उत्तर पडताळण्याची रीत दिलेली आहे. अरब गणितींनाही ती ठाऊक होती. आपल्याकडं दुकानाच्या वहीपासून संस्थेच्या ताळेबंदापर्यंत हा शब्द रुजला. माणूस हिशेब करतो तेव्हा चुकतो, हे आपल्या पूर्वजांनी गृहीत धरलं होतं. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. चूक सापडावी म्हणून त्यांनी रीत घालून दिली.

संगणक आला तेव्हा मात्र काही काळ लोकांचा समज झाला की यंत्र चुकत नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्रात दिव्यावर येतो तसला एक पतंग अडकला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि खरोखरचा किडा सापडल्याची नोंद केली. ती वही आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणतात, त्याची ही गंमत नेहमी सांगितली जाते. शब्द मात्र त्याहून जुना आहे. थॉमस एडिसननं १८७८ मध्येच आपल्या यंत्रांतल्या दोषांसाठी तो वापरला होता. पतंग दिसतो आणि चिमट्यानं काढता येतो. अवघड चुका अशा दिसत नाहीत.

१९९४ सालचं उदाहरण घ्या. इंटेल कंपनीची पेंटियम ही चिप तेव्हा नवी होती. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. एकच आकडेमोड ते दोन वेगळ्या प्रकारांनी करून पाहत, आणि एका ठिकाणी दोन उत्तरं जुळेनात. स्वतःच्या प्रोग्रामपासून एकेक शक्यता बाजूला काढत ते शेवटी चिपपाशी पोहोचले. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता बसवलेला होता, त्यातल्या पाच जागा चुकून रिकाम्या राहिल्या होत्या. पुढं दुसऱ्या एका अभियंत्यानं एक सोपं उदाहरण शोधलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ नं गुणायचं आणि ते मूळ संख्येतून वजा करायचं. शून्य यायला हवं, तिथं पेंटियमवर २५६ यायचे. मित्रांनो, हा आपल्या सरांचा भागाकाराचा ताळा आहे! चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरची तजवीज करावी लागली.

त्या दिवसांत मी डिप्लोमा संपवून सोलापुरात एका छोट्या कार्यालयात प्रोग्राम लिहायला लागलो होतो. पेंटियमची ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर मोठ्या रंगात सांगत असे. आणि १९९६ मध्ये मी स्वतः चुकलो.

आपल्या भागातल्या एका संस्थेचं काम आमच्याकडं आलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. सभासदांच्या ऊसबिलातून कर्जाचा हप्ता कापायचा आणि उरलेली रक्कम खात्याला जमा करायची, एवढंच काम. ऊस घातलेल्यांची यादी एक आणि कर्जदारांची यादी दुसरी. दोन्हींतले सभासद क्रमांक वेगवेगळे. मग मी गाव आणि पूर्ण नाव यांवरून दोन याद्या जुळवल्या. नावाला तीस अक्षरांचा रकाना ठेवला.

संस्थेत एक जुने हिशेबनीस होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या रजिस्टरात काही नावांपुढं कंसात लिहिलेलं असायचं, 'वेशीजवळचे', 'मळ्यातले'. आपल्याकडच्या गावांत एकाच भावकीत स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तिन्ही नावं सारखी असलेली दोन माणसं सापडतात, हे तुम्हाला सांगायला नको. कंसातला मजकूर तीस अक्षरांत बसेना, म्हणून मी तो सोडून दिला. माझा प्रोग्राम पहिलं जुळणारं नाव सापडलं की तिथंच थांबायचा. एका गावात दोघांचे हप्ते एकाच्याच बिलातून कापले गेले.

मी ताळा पाहिला नव्हता असं नाही. वसूल व्हायची एकूण रक्कम आणि कापलेली एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली होती. मी तो कागद अभिमानानं संस्थेला दाखवला होता. पण ९७१६ चे ९१७६ झाले तरी अंकांची बेरीज तीच राहते. तसंच एकाचा हप्ता दुसऱ्याच्या माथी मारला तरी एकूण बेरीज तीच राहते. आठवीतली चूक मी माणसांच्या बाबतीत पुन्हा केली होती.

ज्यांचं बिल कमी आलं ते 'मळ्यातले' म्हणजे आपल्याच एका वर्गमित्राचे वडील. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. बिल कमी आलं म्हणून त्यांनी घरच्या तीन म्हशींतली एक विकली. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी कर्जाच्या बाक्या पाहताना अण्णांच्या लक्षात आलं की 'वेशीजवळच्यां'चा हप्ता फिटलेला आहे, पण त्यांच्या बिलातून कपात दिसत नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे कंसातलं तू टाकलं नाहीस होय?"

"रकान्यात बसत नव्हतं, अण्णा."

"मग मला विचारायचं तरी. पंचवीस वर्षं लिहितोय मी ते. उगंच लिहीत असेन का?"

मी त्याच दिवशी मळ्यात गेलो. सगळं सांगितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही चौकशी का केली नाही?" ते म्हणाले, "कंपुटरनं काढलंय म्हणल्यावर चुकलं नसंल, आसं वाटलं बाळा. आन ते तू केलंयस आसं पोरगं सांगत हुतं. मग इच्यारायचा सवालच नव्हता."

संस्थेनं पंधरा दिवसांत पैसे परत केले. म्हैस परत आली नाही. ते वाक्य गेली कितीतरी वर्षं माझ्याबरोबर आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यावर लोक जेवढा भरवसा टाकतात, तेवढी चूक लपून राहायला जागा होते.

पुढं पुण्याला गेल्यावर कळलं की या रोगावर जगभर विचार झालेला आहे. आयबीएम कंपनीतल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये प्रोग्राम तपासण्याची एक शिस्तशीर पद्धत मांडली. लिहिणाऱ्यानं आपलं लिखाण इतर तिघाचौघांपुढं ठेवायचं, त्यांनी ते ओळीनं वाचायचं, सापडलेली चूक फक्त नोंदवायची आणि दुरुस्ती नंतर करायची. या नोंदी माणसाची लायकी मोजायला वापरायच्या नाहीत, असंही त्यांनी बजावलं होतं. नाहीतर माणसं चुका लपवतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांचं म्हणणं होतं की प्रोग्राम चालवून पाहिल्यानं चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. आपले सर लाल फुली मारताना हेच म्हणाले होते!

मग १९९८-९९ मध्ये 'वाय टू के'चं काम आलं. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले असत. २००० साल उजाडलं की ते शून्य-शून्य होणार, आणि यंत्र त्याला १९०० समजणार. पुण्या-मुंबईत हजारो मुलं-मुली परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे लाखो ओळींचे जुने प्रोग्राम वाचत बसली. मी त्यांतला एक. शतकाचं वर्ष लीप नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून एका ठिकाणी मी २००० सालचा फेब्रुवारी २८ दिवसांचा केला. शेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीनं वाचताना पकडलं. १९०० ला ४०० नं भाग जात नाही, २००० ला जातो, म्हणून ते लीप वर्ष. अर्धवट माहितीतून झालेली ती चूक कागदावरच संपली. त्या वेळी कुणाची म्हैस गेली नाही. १ जानेवारी २००० ला फारसं काही बिघडलं नाही, तेव्हा अनेकांनी हा सगळा बागुलबुवाच होता असं म्हटलं. राखण केलेल्या शेताबद्दलही लोक असंच म्हणतात, की इकडं डुकरं येतच नाहीत.

आता आपल्या दारातल्या गोष्टीकडं येतो. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे हाताच्या लिखाणातून संगणकात गेले. इतक्या मोठ्या कामात नावाचा काना-मात्रा, क्षेत्राचे आर, इतर हक्कातला बोजा यांत चुका होणारच होत्या. संगणकानं काही शोधल्या, उदाहरणार्थ खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही अशा. पण दोन भावांची क्षेत्रं आपसांत बदलली असतील तर बेरीज जुळतेच. ती चूक त्या भावांनाच कळणार. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात संगणकातल्या सातबाऱ्याचं राज्यभर चावडीवाचन ठेवलं गेलं. गावकऱ्यांपुढं उतारे वाचायचे आणि हरकती नोंदवायच्या. फेगन यांची पद्धत आणि आपली चावडी यांत मला फारसा फरक दिसत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तो या दुरुस्त्यांनंतर. तरीही राहून गेलेल्या लेखनप्रमादासाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहेच. चूक राहिली असेल हे गृहीत धरून दुरुस्तीची वाट कायद्यानंच ठेवलेली आहे.

त्याच वर्षी कर्जमाफीची योजना आली. २४ जून २०१७ ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन भरायचे होते. मोहोळला आलो तेव्हा सेवा केंद्रांपुढं रांगा होत्या. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पहिली प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यानंतर याद्या बँकांकडं पोहोचल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकापुढं अनेक शेतकऱ्यांची नावं आढळली, तोच प्रकार बचत खात्यांच्या क्रमांकांचा. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे मिळायला उशीर झाला.

आधार क्रमांकातला बारावा अंक हा ताळ्याचा अंक असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डच गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीनं तो काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो लगेच पकडतो. माझी आठवीतली ९७१६ आणि ९१७६ ची चूक त्यानं पकडली असती. पण एक शुद्ध क्रमांक शंभर ओळींत पुन्हा पुन्हा आला, तर त्या अंकाला काहीच खटकत नाही, कारण प्रत्येक ओळ स्वतःपुरती बरोबर असते. त्यासाठी सगळ्या ओळी एकमेकींशी ताडून पाहणारी वेगळी तपासणी लागते.

२०२० च्या कर्जमुक्तीत वेगळी रीत दिसली. २४ फेब्रुवारीला पहिली यादी आली ती राज्यातल्या फक्त ६८ गावांची, प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावं. याद्या गावात लावल्या गेल्या. शेतकऱ्यानं अंगठा लावून आपली ओळख पटवायची, पडद्यावरची रक्कम पाहायची, मान्य नसेल तर तसं सांगायचं, आणि त्यानंतरच पैसे जमा व्हायचे. आधी थोड्यावर करून पाहायचं, आणि ज्याचा हिशेब आहे त्यालाच शेवटचा ताळा पाहू द्यायचा. मळ्यातल्या काकांना १९९६ मध्ये मी एवढंच विचारलं असतं, "काका, हा हप्ता तुमचाच ना?" तर पुरलं असतं.

हे सगळं परकं नाही. रब्बीची मालदांडी ३५-१ ही ज्वारी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली, १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली.  बियाण्याचा प्लॉट करणाऱ्यांना विचारा, वाण एकदा शुद्ध केला म्हणून काम संपत नाही. दर हंगामाला ओळीतून फिरून भेसळीची ताटं उपटावी लागतात. प्रोग्रामचंही तसंच आहे. नियम बदलतात, याद्या वाढतात, आणि काल बरोबर असलेली ओळ आज चुकीची ठरते.

आता या स्मरणिकेपुरतं. शेवटी आपल्या बॅचची पत्त्यांची यादी जोडली आहे. ती तपासायचं काम माझ्याकडं होतं. आपल्या बॅचमध्ये एकाच नावाचे दोघे आहेत. त्यांच्या नावांपुढं मी कंसात गाव लिहिलं आहे, आणि या वेळी रकाना मोठा ठेवला आहे. एकूण नावं हजेरीपटाशी जुळतात. पण सरांनी सांगितल्याप्रमाणे ताळा जुळला म्हणजे यादी बरोबर, असं नाही. मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी यादी मोठ्यानं वाचली जाईल. प्रत्येकानं आपलं नाव कान देऊन ऐकावं आणि चूक असेल तर तिथंच हात वर करावा.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या वर्गमित्राला वाचायला दिला होता. छापायला त्याची हरकत नव्हती. त्यानं एकच दुरुस्ती सांगितली. मी घरच्या म्हशी दोन लिहिल्या होत्या. त्या तीन होत्या.